टाळ ऐकू येईनासे झाले? जुना स्पीकर भंगारात देण्याआधी ट्वीटर तपासा

अभंगाची जुनी सीडी लावली. पखवाज दणदणीत वाजतोय, गायकाचा आवाजही येतोय. पण टाळ मात्र भिंतीपलीकडे कुणीतरी वाजवल्यासारखे. 'स' आणि 'श' यांची धार गेलेली. सगळं गाणंच गोधडीत गुंडाळल्यासारखं.

अशा वेळी घरात दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "सिस्टिम जुनी झाली." दुसरं, "देऊन टाका भंगारवाल्याला, साउंडबार घेऊ."

मीरा रोडचं पूनम सागर असो किंवा शेजारचं शांतीनगर, फ्लॅटमधली जागा मोजकी. हॉलच्या कोपऱ्यात उभी असलेली लाकडी स्पीकरची जोडी दर रंगकामाला घरच्यांच्या डोळ्यांत खुपते. कुणी १९८०च्या दशकात कोलकात्याच्या सोनोडाइनची सिस्टिम घेतलेली असते, कुणाकडे कॉस्मिक किंवा फिलिप्स असतं, कुणाच्या मामांनी आखातातून सोनी नाहीतर पायोनिअर आणलेलं असतं. त्या काळात ही खरेदी म्हणजे काही महिन्यांचे पगार साठवून केलेली गोष्ट होती. पेटीचं लाकूड, मोठा वूफर, आतली तारजोडणी यातलं बरंचसं आजही ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो चार स्क्रूंवर बसलेला, मुठीत मावणारा एक भाग. त्याचं नाव ट्वीटर.

तो दुरुस्त करता येतो, नाहीतर बदलता येतो. पण 'भोकात बसतोय ना, मग लावून टाका' अशा पद्धतीने बदलला, तर चांगल्या स्पीकरचा आवाज कायमचा बिघडतो. म्हणून आधी गोष्ट समजून घेतलेली बरी.

ट्वीटर करतो काय?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एवढा मोठा पट्टा एकाच पडद्याने नीट वाजवणं अवघड. खर्जासाठी मोठा, जड पडदा लागतो, तर बारीक आवाजासाठी लहान आणि अतिशय हलका. म्हणून पेटीत दोन किंवा तीन स्पीकर बसवतात. मोठा तो वूफर. साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं सांभाळतो तो ट्वीटर.

पियानोची शेवटची पट्टी साधारण ४,१८६ हर्ट्झची. मग त्याच्या वर उरतंच काय, असं वाटू शकतं. उरतो तो आवाजाचा पोत. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार, घुंगरांची किणकिण, सतारीच्या तरफा, टाळ-झांजांची लकेर, गायकाचा श्वास. हे सगळं मूळ सुरांच्या वर तरंगणाऱ्या बारीक कंपनांत असतं. ट्वीटर गेला तर सूर तोच राहतो, पण तो कोणत्या वाद्यातून आला हे सांगणारी खूण जाते.

चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला जोडलेला पडदा, ही आजच्या स्पीकरची मूळ रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. ट्वीटरला लहान घुमटाचा आकार देण्याची कल्पना घरोघरी नेली ती एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-३ या १९५८च्या स्पीकरने. घुमटामुळे बारीक आवाज सरळ रेषेत न जाता खोलीभर पसरतो. रेशीम, पॉलिएस्टर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा साधारण एक इंचाचा हा घुमट आजही बहुतेक ट्वीटरमध्ये दिसतो.

जुन्या संचांमध्ये आणखी दोन प्रकार भेटतात. एक म्हणजे कागदी कोनाचा छोटा ट्वीटर. दुसरा पीझो, ज्यात कॉइल नसतेच; विजेच्या दाबाने थरथरणारी चकती असते. आपल्या घरातला कोणता आहे हे आधी ओळखायला हवं, कारण तपासणी त्यावर अवलंबून असते.

एवढासा ट्वीटर जळतो कशाने?

पेटीच्या मागे '१०० वॅट' लिहिलेलं असतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. तो आकडा पूर्ण स्पीकरचा. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते आणि तिला सलग सोसवणारी ताकद बऱ्याचदा पाच-दहा वॅटच्या आसपास असते. एरवी हे पुरतं, कारण संगीतातली बहुतेक ऊर्जा खालच्या सुरांत असते. ट्वीटरच्या वाट्याला थोडीच येते.

अडचण येते ती अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर चालवला की. हळदीचा कार्यक्रम, गणपतीतली रात्र, कुणीतरी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतं. अँप्लिफायरकडे द्यायला आणखी ताकद नसते, म्हणून तो लहरींची टोकं कापायला लागतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरींत मूळ गाण्यात नसलेले बारीक आवाज तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. त्यात ट्रेबलचं बटणही पूर्ण चढवलेलं असेल, तर कॉइल तापते, वरचा लेप वितळतो आणि तार तुटते. म्हणजे मोठ्या अँप्लिफायरपेक्षा लहान अँप्लिफायर जोरात पिळला की ट्वीटर लवकर जातो. अनेकांना हे उलटं वाटतं.

दुसरा आरोपी म्हणजे माइक. कराओकेच्या नादात घरच्या स्टिरिओला माइक जोडला आणि तो स्पीकरसमोर आला, की जी कर्कश शिट्टी वाजते, तिची जवळपास सगळी ताकद एकट्या ट्वीटरवर पडते. काही सेकंदसुद्धा महागात पडतात.

तिसरं कारण वय. ट्वीटरच्या आधी एक कॅपॅसिटर असतो. दुकानात त्याला कंडेन्सरही म्हणतात. खालचे सूर अडवून फक्त वरचे पुढे सोडणं हे त्याचं काम. तीस-चाळीस वर्षांत तो सुकतो, त्याची किंमत बदलते. तो आतून शॉर्ट झाला तर वूफरचा माल ट्वीटरवर येऊन आदळतो.

अनेक ट्वीटरच्या फटीत फेरोफ्लुइड नावाचं काळं, चुंबकाला धरून राहणारं तेलही असतं. अवकाशात वजनरहित अवस्थेत इंधन हलवता यावं म्हणून १९६३ मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी ते तयार केलं होतं. पुढे ट्वीटरची कॉइल थंड ठेवायला ते उपयोगी पडलं. पण दशकं उलटली की ते घट्ट होतं. ट्वीटर जिवंत असतो, पण चिखलात रुतल्यासारखा मंद वाजतो.

मीरा-भाईंदरची हवाही विसरून चालणार नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मधे मिठागरं आणि खारफुटी. अशा दमट, खारट हवेत जोडणीच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, सोल्डर ठिसूळ होतं, कॉइलकडे जाणारी बारीक तार गंजून तुटते. अशा वेळी ट्वीटर जळलेला नसतो, नुसता तुटलेला असतो.

आणि शेवटचं कारण सगळ्यांच्या ओळखीचं. लहान मुलाचं बोट. पुढची जाळी काढलेली असेल, तर तो गोल घुमट दाबून बघण्याचा मोह कुणालाही होतो.

खरंच ट्वीटरच गेलाय का?

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी चार गोष्टी तपासायच्या. त्यातल्या पहिल्या तीन फुकट होतात.

पहिली, दिशा. अँप्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल करायच्या आणि पुन्हा हळू आवाजात लावायचं. दोष तारेबरोबर दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर स्पीकर निर्दोष. बिघाड अँप्लिफायरमध्ये, तारेत किंवा बॅलन्सच्या बटणात. दोष त्याच पेटीत राहिला, तर पुढे जायचं.

दुसरी, सळसळ. एफएमचा काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवला की जो सळसळाट येतो, तो ट्वीटरसाठी उत्तम चाचणी आहे. आवाज अगदी कमी ठेवून कागदाची नळी कानाला लावायची आणि तिचं दुसरं टोक ट्वीटरसमोर धरायचं. चांगल्या पेटीत पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज येईल. मेलेल्या ट्वीटरसमोर शांतता असेल, किंवा फक्त वूफरचा भरडा आवाज.

ही चाचणी घरातल्या तरुण माणसाकडून करून घ्यावी. वय वाढतं तसं बारीक आवाज ऐकण्याची ताकद कमी होते आणि साठीनंतर अनेकांना १०,००० हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. त्यामुळे आजोबांचा एक ट्वीटर कैक वर्षं बंद असतो आणि नातवाला तो पहिल्या मिनिटात कळतो. उलटही घडतं. दोष कानात असतो आणि बिचारा स्पीकर बदनाम होतो.

तिसरी, बटण. काही जुन्या पेट्यांच्या पुढे किंवा मागे ट्रेबल कमी-जास्त करायचं वेगळं बटण असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून त्याच्या आत मळ साचतो आणि ट्वीटरचा रस्ता बंद होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवलं, तर काही वेळा 'मेलेला' ट्वीटर जिवंत होतो.

चौथी, मल्टिमीटर. अँप्लिफायर बंद, स्पीकरच्या तारा काढलेल्या. आता ट्वीटरचे स्क्रू काढून तो बाहेर ओढायचा आणि त्याची किमान एक तार सुटी करायची. पेटीच्या मागच्या टर्मिनलवरून मोजून उपयोग नाही, कारण मधला कॅपॅसिटर मीटरची वीज अडवतो. ट्वीटरच्या दोन पट्ट्यांवर थेट मोजायचं. ८ ओहमचा ट्वीटर चांगला असेल तर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवेल. ४ ओहमचा साधारण तीन ते साडेतीन. काहीच आकडा आला नाही, तर कॉइलचा रस्ता कुठेतरी तुटलेला आहे. शून्याजवळ आला तर कॉइल आतून शॉर्ट आहे.

इथे दोन अपवाद लक्षात ठेवायचे. पीझो ट्वीटर चांगला असला तरी मीटरवर तुटल्यासारखाच दिसतो. आणि आकडा बरोबर येऊनही आवाज मंद किंवा खरखरीत असेल, तर सुकलेलं फेरोफ्लुइड, फटीत घासणारी कॉइल किंवा थकलेला कॅपॅसिटर यांच्यावर संशय घ्यायचा.

एक काम चुकूनही करू नये. कॅपॅसिटर वगळून ट्वीटर थेट अँप्लिफायरला जोडून 'वाजतो का बघू' म्हणणं. वाजेल, पण कदाचित शेवटचं.

दुरुस्ती कोणत्या बिघाडात शक्य आहे?

सगळ्यात सोपा बिघाड म्हणजे बाहेरची तुटलेली तार. टर्मिनलपासून घुमटाच्या कडेपर्यंत जाणारी बारीक तार भिंगाखाली दिसते. टोक हाताशी असेल तर कमी वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, क्षणभरच टेकवून, ती जोडता येते. जास्त वेळ टेकवलं तर प्लॅस्टिकचं टर्मिनल वितळतं.

दबलेला कापडी घुमट बहुतेक वेळा वर येतो. चिकटपट्टी हलकेच टेकवून ओढायची, किंवा व्हॅक्यूम क्लीनरची नळी थोडी दूर धरून, पुठ्ठ्याच्या नळीतून, अगदी कमी ओढीने वर खेचायचा. धातूचा घुमट वर आला तरी चुणी राहते. एक अपवाद मात्र पक्का. यामाहाच्या एनएस-१००० सारख्या १९७०च्या दशकातल्या काही नामांकित स्पीकरमध्ये घुमट बेरिलियमचा आहे. तो तुटला तर त्याला हात लावू नये, घासू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कॉइल जळली असेल तर प्रश्न येतो सुट्या भागाचा. काही ट्वीटरमध्ये घुमट आणि कॉइल एका चकतीवर बसवलेले असतात. दोन-तीन स्क्रू काढले की चकती निघते आणि नवीन डायफ्रॅम बसतो. जुन्या नामांकित विदेशी मॉडेलांचे असे डायफ्रॅम इतर उत्पादक अजून बनवतात. बसवण्याआधी चुंबकाची फट स्वच्छ करावी लागते. मास्किंग टेप दुमडून तिची चिकट बाजू बाहेर ठेवायची आणि फटीत फिरवायची, म्हणजे जळक्या तारेचे कण निघतात. सुकलेलं तेल कागदाच्या पट्टीने टिपायचं आणि मोजून नवीन भरायचं. मग स्क्रू अर्धवट आवळून हळू आवाजात वाजवत चकती मधोमध आणायची. फट मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे घाई उपयोगाची नाही.

कॉइल पुन्हा बांधून मिळेल का? आपल्याकडे मंडप डेकोरेटर आणि बेंजो पार्ट्यांच्या जिवावर कोन बदलणं, कॉइल बदलणं हा धंदा चांगला रुजला आहे. अहुजाच्या भोंग्याचं युनिट जळलं तर त्याचा डायफ्रॅम बहुतेक इलेक्ट्रॉनिक बाजारांत मिळतो. पण भोंग्याचं युनिट वेगळं आणि घरच्या स्पीकरचा एक इंची घुमट वेगळा. त्याची कॉइल जरा जड झाली किंवा गोंद थोडा जास्त पडला, तरी बारीक आवाज दबतो. हे काम केलेला माणूस सापडला आणि त्याने आधी केलेला एखादा ट्वीटर ऐकवला, तरच द्यावं.

बदलायचाच असेल तर काय जुळवायचं?

ट्वीटर एकटा वाजत नाही. त्याचा वूफरशी, कॅपॅसिटरशी आणि दुसऱ्या पेटीतल्या जोडीदाराशी करार झालेला असतो. नवा आणताना तो करार मोडता कामा नये. त्यासाठी पाच गोष्टी पाहायच्या.

ओहम. जुना ८ ओहमचा असेल तर नवाही ८ ओहमचाच. कारण गणितात आहे. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला तर तो साधारण ४,२०० हर्ट्झपासून वरचं काम घेतो. त्याच जागी ४ ओहमचा बसवला तर हीच सीमा साधारण ८,५०० वर जाते. म्हणजे वूफर थांबतो तिथून ट्वीटर सुरू होईपर्यंत मधे मोठा खड्डा. गाडीचे ट्वीटर बहुतेक ४ ओहमचे असतात. ते स्वस्त आणि सहज मिळतात, म्हणून ही चूक सर्रास होते.

संवेदनशीलता, म्हणजे ठराविक ताकदीत किती मोठा वाजतो. ही डेसिबलमध्ये लिहिलेली असते. नवा ट्वीटर ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला त्याला निम्मी ताकद पुरते. म्हणजे वूफरच्या तुलनेत तो टोचेल. यावर उपाय आहे. ८ ओहमच्या ट्वीटरला एक २.२ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि एक २० ओहमचा समांतर लावला, की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो आणि ओहमही जवळपास तेच राहतात. पण नवा ट्वीटर कमी संवेदनशील असेल तर काहीच करता येत नाही. म्हणून थोडा जास्त चालेल, कमी नको.

अनुनादाची पातळी. प्रत्येक ट्वीटर एका ठराविक हर्ट्झवर स्वतःहून थरथरतो. हा आकडा तो जिथून काम सुरू करतो त्या सीमेच्या निम्म्याहून कमी असावा. ३,००० हर्ट्झपासून वाजणार असेल तर १,५०० च्या आत. नाहीतर आवाज चिरका येतो आणि ट्वीटर लवकर दमतो.

प्रकार. कापडी घुमटाच्या जागी पीझो लावला तर वाजेल, पण वागणूक पूर्ण वेगळी. पीझो कॅपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे जुन्या क्रॉसओव्हरचं सगळं गणित कोलमडतं.

माप. पुढच्या कड्याचा व्यास, भोकाचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर, मागच्या चुंबकाची खोली. थोडा लहान असेल तर प्लायवूडची कडी करून बसवता येतो. त्यासाठी पेटीचं भोक कातरून मोठं करू नये. उद्या मूळ ट्वीटर मिळाला तर तो बसवायला जागा उरत नाही.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम. मूळ मॉडेलचाच ट्वीटर मिळत असेल तर एक पुरे. वेगळा घ्यायचा असेल तर दोन घ्यायचे आणि दोन्ही पेट्यांत बसवायचे. स्टिरिओची गंमत डाव्या-उजव्यात आहे. दोन बाजूंचे ट्वीटर वेगळे असले की मधोमध उभी असलेली गायिका एका बाजूला सरकते आणि तिचा 'स' दुसऱ्याच बाजूने येतो.

लॅमिंग्टन रोडला जाताना काय न्यायचं?

पूनम सागरहून वीस किलोची पेटी लोकलमध्ये चढवणं म्हणजे शिक्षा. तशी गरजही नाही. ट्वीटर काढून रुमालात गुंडाळला की पिशवीत मावतो. मीरा रोड स्टेशनवरून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी बाजार ओळखला जातो तो जुन्याच नावाने. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवार बरा. पुणेकरांसाठी हीच जागा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.

सोबत नेण्याच्या गोष्टी: जळका ट्वीटर, चांगल्या पेटीतल्या ट्वीटरच्या मागच्या लेबलचा फोटो, क्रॉसओव्हरचा फोटो, पेटीच्या मागची माहिती आणि मोजलेली मापं. दुकानदार "हा चालेल, सगळे हाच नेतात" म्हणाला तर ओहम आणि डेसिबल विचारायचे. आकडे नसलेला, लेबल नसलेला ट्वीटर स्वस्त असला तरी अंधारात मारलेला दगड आहे. ओहम मोजण्यासाठी मल्टिमीटर खिशात असेल तर आणखी चांगलं.

जुन्याच मॉडेलचा ट्वीटर हवा असेल तर चोर बाजारात, किंवा जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात त्याच मॉडेलची फुटकी पेटी शोधणं हा उत्तम मार्ग. वूफर फाटलेली, लाकूड फुगलेली पेटी कमी किमतीत मिळते आणि तिचा ट्वीटर चांगला असू शकतो. मात्र पैसे देण्याआधी तो मोजून आणि वाजवून घ्यायचा.

बसवताना काय काळजी घ्यायची?

तारा सोडवण्याआधी फोटो काढायचा. कोणत्या रंगाची तार कोणत्या पट्टीवर होती, हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. अनेक क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो, कारण तिथे तसाच वूफरशी सूर जुळतो. तो 'दुरुस्त' करून सरळ जोडला तर दोघांच्या सीमेवरचा आवाजच खचतो. म्हणून मूळ जोडणी होती तशीच ठेवायची.

ट्वीटरचं चुंबक लहान दिसतं, पण स्क्रूड्रायव्हर खेचून घेतं. स्क्रू आवळताना टोक सटकलं की ते थेट घुमटात घुसतं आणि नवा ट्वीटर पेटीत बसायच्या आधीच जातो. एका हाताने घुमटावर वाटीसारखं झाकण धरायचं, किंवा प्लॅस्टिकचं खरंखुरं झाकण ठेवायचं.

पेटी उघडली आहेच तर कॅपॅसिटरही बदलून घ्यावा, दोन्ही पेट्यांतला. त्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड तेच ठेवायचे, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. साधा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर चालत नाही. स्पीकरसाठी दोन्ही बाजूंनी चालणारा, म्हणजे नॉन-पोलर किंवा फिल्मचा लागतो. फिल्मचा लावल्यावर आवाज किंचित उजळ वाटू शकतो. हा जुन्या संचातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित उपचार आहे. थकलेला कॅपॅसिटर तसाच ठेवून नवा ट्वीटर लावणं म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी अंथरणं.

शेवटी तपासणी. अँप्लिफायर मोनोवर, आवाज कमी, आधी फक्त डावी पेटी, मग फक्त उजवी. फोनमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. फोन दोन्ही पेट्यांसमोर एक मीटरवर, ट्वीटरच्या उंचीला धरून तोच सळसळाट वाजवायचा. फोनचा माइक प्रयोगशाळेचा नसतो, पण डाव्या-उजव्यातला फरक दाखवायला पुरतो. दोन्ही आलेख २,००० हर्ट्झच्या वर साधारण सारखे दिसले की काम फत्ते.

नवा ट्वीटरही काही आठवड्यांत गेला, तर तिसरा आणू नये. दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या बटणावर फिरणाऱ्या हातात आहे. अँप्लिफायर तपासून घ्यावा आणि घरात एक मर्यादा ठरवावी. आवाज फाटल्यासारखा वाटायला लागला की ती अँप्लिफायरची शेवटची विनवणी असते. तिथून बटण मागे घ्यायचं.

मग स्पीकर सोडून कधी द्यायचा?

प्रत्येक जुनी वस्तू वाचवण्याजोगी नसते. पेटी भुशाच्या बोर्डची असेल आणि पावसाचं पाणी पिऊन फुगली असेल, वूफरच्या कडेचा फोम गळून पडला असेल आणि ट्वीटरही गेला असेल, तर तिन्हींचा खर्च मिळून चांगल्या नव्या जोडीच्या जवळ जातो. अशा वेळी चालू भाग काढून ठेवावेत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीला जीवदान देतील.

पण वूफर शाबूत आहे, पेटी ठोकल्यावर भरीव वाजते आणि फक्त टाळ हरवलेत, अशी स्थिती असेल तर हिशेब सोपा आहे. एक शनिवार, एक लोकलचा प्रवास, दोन ट्वीटर, दोन कॅपॅसिटर. काढलेले जुने ट्वीटर फेकू नयेत. मॉडेलचं नाव लिहून पिशवीत घालून पेटीच्या मागेच ठेवावेत, म्हणजे पुढे कधी त्यांचा डायफ्रॅम मिळाला तर स्पीकर पुन्हा मूळ रूपात येऊ शकतो. भंगारवाला तर दर आठवड्याला येतोच. त्याला हाक मारण्याआधी एकदा कागदाची नळी कानाला लावून बघायला हरकत नाही.